मुलाच्या दारात पोलीस आले होते म्हणे

प्रश्न : आम्ही नाशिकचे. मुलगी २८ वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. तिच्यासाठी एक स्थळ जवळजवळ ठरत आलंय. मुलगा कॅलिफोर्नियात सनीवेलला असतो, एच-वन-बीवर आहे. घरचे लोक साधे, चांगले वाटले. दोघं गेले काही महिने व्हिडिओ कॉलवर बोलतायत. डिसेंबरात तो येईल तेव्हा साखरपुडा करू असं चाललंय. मागच्या आठवड्यात एका लग्नात ह्यांच्या चुलत वहिनी म्हणाल्या, 'त्याच्या घरी दोन वर्षांपूर्वी पोलीस आले होते म्हणे, आमच्या भाच्याने सांगितलं.' भाचा तिकडेच असतो. त्यापुढे त्यांना काही माहीत नाही. तेव्हापासून माझी झोप उडालीय. अमेरिकेत पोलिसांचं रेकॉर्ड कोणालाही बघायला मिळतं असं म्हणतात. मी मुलाचं नाव टाकून शोधलं, तर एका वेबसाइटवर 'या नावाच्या व्यक्तीचं अटकेचं रेकॉर्ड सापडलं आहे, बघण्यासाठी पैसे भरा' असं आलं. भरू का? की पुण्यातल्या एका डिटेक्टिव्ह एजन्सीला काम देऊ? की मुलाकडूनच पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागू? मुलीला अजून काही बोललेले नाही. मध्यस्थ तारखेसाठी मागे लागलेत. – एक आई

उत्तर :

ताई, त्या वेबसाइटला एक डॉलरही देऊ नका. तिथे तुमच्या सख्ख्या भावाचं नाव टाकून बघा, त्याचंही काहीतरी 'सापडेल'. असल्या साइट इकडून तिकडून माहिती गोळा करतात, सारख्या नावाच्या चार माणसांची खिचडी करतात आणि पडदा अर्धाच वर करून पैसे मागतात. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, त्यांनीच लिहिलेलं असतं की नोकरी देताना किंवा घर भाड्याने देताना ही माहिती वापरू नये. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा कामासाठी अहवाल देणाऱ्या कंपन्यांवर अचूकतेची जबाबदारी टाकली आहे, ती ह्यांना नको असते. ज्या माहितीवर भाडेकरू ठेवू नये असं विकणाराच म्हणतो, तिच्यावर जावई कसा ठरवायचा?

ह्याच धंद्याचा आणखी वाईट भाऊबंद म्हणजे अटकेच्या वेळचे फोटो छापून ते काढायला पैसे उकळणाऱ्या साइट. कॅलिफोर्नियात फोटो काढून टाकण्यासाठी असे पैसे घेणं बेकायदा आहे, आणि अशाच एका साइटच्या कथित चालकांवर २०१८ मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरलने खंडणीचे आरोप ठेवले होते.

आता खऱ्या कागदांकडे येऊ. 'अमेरिकेत सगळं खुलं असतं' हे अर्धवट खरं आहे. खुलं काय असतं, हे राज्याप्रमाणे बदलतं आणि ते कुठे मागायचं हे काउंटीप्रमाणे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाप्रमाणे. सनीवेल सांता क्लारा काउंटीत येतं. ह्या एका काउंटीत १५ शहरं आहेत आणि बहुतेकांचे पोलीस वेगवेगळे. सॅन होजेचे वेगळे, माउंटन व्ह्यूचे वेगळे, मिल्पिटासचे वेगळे. क्युपर्टिनो आणि सॅराटोगा ह्यांनी स्वतःचं पोलीस खातं ठेवलेलंच नाही, तिथलं काम काउंटीचे शेरीफ, म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख, बघतात. काउंटीचे तुरुंगही शेरीफकडेच. आणि आपली मराठी मंडळी भरपूर असलेलं फ्रीमाँट गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर असलं तरी ते अलामेडा काउंटीत, म्हणजे शेरीफ दुसरे, कोर्ट दुसरं. मुलगा आज सनीवेलला राहतो. दोन वर्षांपूर्वी कुठे राहत होता? तिकडे भाड्याची घरं मुलं सारखी बदलतात. हे ठाऊक नसेल तर तुम्ही चुकीच्या दारावर टकटक करणार, तिथून 'आमच्याकडे काही नाही' असं उत्तर येणार आणि तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकून मोकळ्या.

तो तेव्हाही सनीवेललाच होता असं धरू. मग तुमच्या चुलत जाऊबाईंच्या बातमीचा रंग बराच फिका होतो. सनीवेलमध्ये पोलीस आणि अग्निशमन दल अशी दोन खाती नाहीतच. १९५० पासून तिथे एकच सार्वजनिक सुरक्षा खातं आहे. तिथल्या अधिकाऱ्यांना गस्त घालणं, आग विझवणं आणि प्रथमोपचार अशा तिन्ही कामांचं प्रशिक्षण असतं. कोणाच्या छातीत कळ आली, स्वयंपाकघरात धूर झाला, तरी गस्तीवरचा गणवेशातला माणूस दारात येऊ शकतो. फोडणी करपली तरी अलार्म वाजणाऱ्या त्या लाकडी घरांत 'पोलीस आले होते' ह्याचा अर्थ काहीही असू शकतो. शिवाय अविवाहित मुलं तिकडे तिघं-चौघं मिळून घर घेतात. पोलीस रूममेटसाठी आले असतील. घरफोडी झाली म्हणून त्यानेच बोलावलं असेल. किंवा वहिनींना जे वाटतंय तेच झालेलं असेल. भाच्याला एक फोन करून 'तू स्वतः पाहिलंस का, की कोणाकडून ऐकलंस, आणि नेमकं काय?' एवढं विचारायला हरकत नव्हती. लग्नमंडपात ऐकलेल्या गोष्टीला निदान एवढी चाळणी लावायला हवी.

कॅलिफोर्नियात सार्वजनिक नोंदी मागण्याचा कायदा १९६८ पासून आहे. आपल्या माहिती अधिकारासाठी भारताचं नागरिक असावं लागतं. तिथे तशी अट नाही, आणि माहिती कशाला हवी हेही सहसा सांगावं लागत नाही. अर्ज आल्यावर खात्याने १० दिवसांत 'देतो', 'देत नाही' किंवा 'एवढंच देतो' हे कळवायचं असतं. खास कारण असेल तर आणखी १४ दिवस घेता येतात. म्हणजे नाशिकला बसून तुम्ही सनीवेलच्या खात्याकडे अर्ज करू शकता. व्हर्जिनियात असं चालत नाही. तिथला कायदा मुळात तिथल्या रहिवाशांसाठी आहे आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ते योग्य ठरवलं. हे पत्र वाचणाऱ्या ज्या आईबाबांचं स्थळ व्हर्जिनियात असेल, त्यांनी लक्षात ठेवावं.

अर्ज करता येतो, पण हाती काय येतं? पोलिसांना आलेल्या फोनची नोंद, म्हणजे वेळ, ठिकाण, तक्रारीचा गाभा आणि पोलिसांनी काय केलं, ही साधारणपणे द्यावी लागते. अटक झाली असेल तर अटक झालेल्याचं नाव, व्यवसाय, जन्मतारीख, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, अटकेची वेळ आणि जागा, लावलेली कलमं, जामिनाची रक्कम, सुटला असेल तर कधी आणि कसा, एवढं कायद्याने उघड असतं. वाचून तुम्हाला वाटेल, झालं की काम! पण दोन गाठी आहेत.

पहिली गाठ काळाची. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने सांगितलं की अटकेचा हा तपशील देण्याचं बंधन ताज्या अटकांपुरतं आहे. कारण हेतू असा की पोलिसांनी कोणाला गुपचूप कोंडून ठेवू नये. एखाद्या माणसाचा जुना इतिहास खणून काढण्याची सोय म्हणून ते कलम केलेलं नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या अटकेबद्दल विचारलंत तर खातं नाही म्हणू शकतं. तुरुंगात कोण आहे हे दाखवणारी शेरीफची यादीही आत्ता आत असलेल्यांचीच. फोनच्या नोंदींबाबत २०१५ च्या एका निकालाने थोडी मोकळीक दिली. सॅन डिएगो शहर फक्त ६० दिवसांच्या नोंदी देत होतं, ती मर्यादा कोर्टाने मान्य केली नाही.

दुसरी गाठ पत्त्याची. अटक झालेल्या माणसाचा किंवा पीडित व्यक्तीचा राहता पत्ता पत्रकारिता, संशोधन, राजकीय किंवा सरकारी काम आणि परवानाधारक खाजगी तपास, एवढ्याच कारणांसाठी मिळतो. तोही शपथेवर लिहून दिल्यावर. लग्न जमवणं हे कारण त्या यादीत नाही आणि खोटी शपथ घेणं गुन्हा आहे. घरगुती हिंसाचारासारख्या प्रकरणांत पीडित व्यक्तीच्या सांगण्यावरून तिचं नाव झाकलं जातं, आणि ते योग्यच आहे. तुमच्या जागी त्या बाईची आई बसलेली असती तर तिला काय वाटलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

आणि ज्याची तुम्हाला खरी उत्सुकता आहे, तो पोलिसांचा सविस्तर अहवाल, कोण काय म्हणालं, कोणी कोणाला ढकललं, तो तर मिळतच नाही. तपासाची कागदपत्रं कायद्याने वगळलेली आहेत. तपास संपून वर्षं उलटली तरी वगळलेलीच राहतात, हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्येच ठरवलंय. घरगुती हिंसाचाराच्या पीडित व्यक्तीला तिच्या प्रकरणाचा अहवाल मिळतो आणि फुकट मिळतो, पण तो तिला. भावी सासूबाईंना नाही.

म्हणून मी म्हणते, तुम्ही पोलिसांकडे बघताय, बघायचं आहे ते कोर्टाकडे. अटक म्हणजे एका अधिकाऱ्याने त्या रात्री, त्या दारात घेतलेला निर्णय. खटला भरायचा की नाही हे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे तिथले सरकारी वकील, ठरवतात आणि अनेकदा भरत नाहीत. त्यातून घरच्या भांडणात कॅलिफोर्नियाचं धोरणच असं आहे की मारहाण झाल्याचं मानायला सबळ कारण दिसलं तर पोलिसांनी अटकेकडे झुकावं. आपल्याकडे पोलीस 'घरचं घरात मिटवा' म्हणून परत पाठवतात, तिकडे बेड्या घालून नेतात. मला तिकडचं धोरण पटतं, मिटवा-मिटवीने किती बायकांचा जीव गेलाय हे आपण पाहतो. पण त्याचा परिणाम असाही होतो की तिकडच्या अटकेच्या यादीत आलेलं प्रत्येक नाव गुन्हेगाराचं नसतं. शेवटी काय झालं, हे फक्त कोर्टाच्या कागदावर असतं : खटला दाखल झाला का, कोणत्या कलमाखाली, निकाल काय.

सांता क्लारा काउंटीचं फौजदारी कामकाज मुख्यतः सॅन होजेतल्या वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये चालतं. फौजदारी खटल्यातली कागदपत्रं घरबसल्या संगणकावर बघता येऊ नयेत असा कॅलिफोर्निया कोर्टांचा नियम आहे. प्रकरणांची यादी किंवा तारखा ऑनलाइन दिसू शकतात, पण फाइल बघायला कोर्टातच जावं लागतं. तिथे जाणाऱ्या कोणालाही ती मागता येते. कारकुनाला शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर दर नावामागे १५ डॉलर, प्रतीचे पानाला ५० सेंट. संरक्षणाचे आदेश, म्हणजे 'अमक्याने तमकीच्या जवळ जाऊ नये' असे हुकूम, हे बरेचदा कौटुंबिक न्यायालयात निघतात. त्याची इमारत वेगळी. फौजदारी बाजूला काहीच नसलं तरी तिथे असू शकतं, हे डिटेक्टिव्हांनाही पुष्कळदा सुचत नाही.

पण तिथेही नावाचा घोळ आहे, आणि तो खास आपला आहे. २०२१ च्या एका निकालानंतर कॅलिफोर्नियाच्या कोर्टांना जन्मतारखेवरून शोध घेऊ देता येत नाही. उरतं फक्त नाव. समजा मुलगा अमित पाटील असला, तर बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या त्या पट्ट्यात, किती अमित पाटील असतील? त्यात आपल्या पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव पहिल्या नावाला चिकटवलेलं असतं, कधी नसतं. पोलिसांनी ते मधलं नाव धरलेलं असतं, कोर्टाने आडनाव. कुलकर्णीचं स्पेलिंग तीन प्रकारे. म्हणजे नाव जुळलं तरी माणूस तोच असं नाही आणि नाव नाही सापडलं तरी प्रकरण नव्हतं असं नाही.

त्यात भर म्हणजे नोंद पुसण्याचे कायदे. ज्याच्यावर अटकेनंतर खटलाच झाला नाही किंवा जो निर्दोष सुटला, त्याला २०१८ पासून आपली अटकेची नोंद मोहरबंद, म्हणजे लोकांना दिसणार नाही अशी, करून मागता येते, आणि २०२२ पासून अनेक प्रकरणांत राज्य स्वतःहून तसा दिलासा देतं. मोहरबंद झाल्यावर, ठरावीक अपवाद सोडले तर, 'मला अटक झाली नव्हती' असं म्हणायची त्या माणसाला कायद्यानेच मुभा आहे. हे तुम्हाला फसवणुकीला परवाना दिल्यासारखं वाटेल. मला तसं वाटत नाही. चुकून अटक झालेल्या पोराने जन्मभर प्रत्येकाला का म्हणून उत्तरं देत बसावं? तुमच्या दृष्टीने अर्थ एवढाच की तुम्ही किंवा तुमच्या एजन्सीने कितीही खणलं तरी खाली काही उरलेलंच नसू शकतं.

आता ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. तो तिकडच्या भारतीय वकिलातीतून पासपोर्टच्या आधारे ते आणू शकेल. पण ते भारतातल्या नोंदींवरून मिळतं. सनीवेलमध्ये काय घडलं ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याच्यावर नाशिकरोडला गुन्हा दाखल नाही, एवढंच त्यातून समजेल.

मग कोणीतरी तुम्हाला सुचवेल, 'कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाकडून त्याचा स्वतःचा रेकॉर्ड मागवून घ्या ना त्याला सांगून.' बोटांचे ठसे देऊन आणि २५ डॉलर फी भरून प्रत्येकाला स्वतःचा रेकॉर्ड बघता येतो, हे खरं. पण ताई, इथे जपून. तो रेकॉर्ड काढून आण असं दुसऱ्याला सांगणं किंवा तशी नुसती विनंती करणं हासुद्धा कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत गुन्हा आहे. मालकांनी आणि घरमालकांनी लोकांना असे कागद आणायला भाग पाडू नये म्हणून हे कलम आलंय, पण त्याच्या भाषेत सासू-सासऱ्यांना सूट नाही. तुमच्यावर कोणी खटला भरायला नाशिकला येणार नाही. तरी भावी जावयाच्या राज्यात जे मागणं गुन्हा आहे, ते मागून नातं कशाला सुरू करायचं? त्याने आपणहून दाखवलं तर ती त्याची मर्जी.

डिटेक्टिव्ह एजन्सीचं थोडक्यात. कॅलिफोर्नियात खाजगी तपास करायला राज्याचा परवाना लागतो. पुण्यातली एजन्सी बहुधा तिकडच्या कोणाला तरी काम देईल, किंवा तुम्ही पाहिलेल्या त्याच वेबसाइटला पैसे भरून छापील कागद सुरेख फाइलमध्ये घालून देईल. 'आमची पोलिसांत ओळख आहे, आतून काढून देतो' असं कोणी म्हणालं तर उठून या. माणसाचा गुन्हेगारी इतिहास अधिकार नसलेल्याला देणं तिथे गुन्हा आहे आणि घेणंही.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग मी करू काय? पहिलं, मुलीला सांगा. आज संध्याकाळीच. हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत, मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. २८ वर्षांची मुलगी, महिनोन्महिने त्याच्याशी बोलतेय, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल ऐकलेली गोष्ट तिच्यापासून झाकून तुम्ही परक्या देशातले दप्तरखाने उघडायला निघालात. उद्या तिला कळलं तर ती त्याच्यावर चिडेल की तुमच्यावर? तिच्या काळजीपोटी तुम्ही गप्प आहात हे मला समजतं. पण ही काळजी तिच्या वाटणीची आहे, ती तिला द्या.

मग तिने त्याला सरळ विचारावं, घुमवून फिरवून नाही. वहिनींचं नाव घ्यायचं कारण नाही. 'तुझ्या घरी पोलीस आले होते असं कानावर आलं, काय झालं होतं?' त्यावर तो जे सांगेल ते पूर्ण ऐकून मग विचारावं की अटक झाली होती का, कोर्टात प्रकरण गेलं का, निकाल काय लागला. प्रश्न ऐकून मुलगा दुखावेल अशी तुम्हाला भीती आहे. ऐका, हा प्रश्न त्याला नवा नाही. अमेरिकेच्या व्हिसाचा जो ऑनलाइन फॉर्म तो भरतो, त्यात 'तुम्हाला कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का' हे विचारलेलं असतं. ग्रीन कार्डाच्या अर्जातही असतं, आणि तिथे नोंद मोहरबंद झाली असली तरी सांगावं लागतं. अटक झालेल्या माणसाला वकिलातीत आणि इमिग्रेशनला कोर्टाच्या अंतिम निकालाची प्रमाणित प्रत द्यावी लागते. एच-वन-बीवरचे लोक ह्या बाबतीत फार जागरूक असतात, असायलाच लागतात. नुसत्या दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकेवरूनसुद्धा अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करतं. म्हणजे काही घडलं असेल तर निकालाचा तो कागद त्याच्या कपाटात जवळपास नक्कीच आहे. तुम्ही जो परदेशी कोर्टाच्या काउंटरवर शोधणार होतात तो कागद त्याच्याकडे, फीशिवाय आणि नावाच्या घोळाशिवाय.

तो रेकॉर्ड आण म्हणून सांगायचं नाही, पण स्वतःच्या खटल्याचा निकाल त्याने होणाऱ्या बायकोला दाखवणं ही वेगळी गोष्ट आहे, त्यात गैर काही नाही. दाखवला तर तिने तो नीट वाचावा. त्यावर प्रकरणाचा क्रमांक असेल, तो कोर्टात पडताळता येतो. तिथे कोणी ओळखीचं असेल तर फाइल बघून येईल, आणि आता नाव शोधायचं नाही, क्रमांक हातात आहे. त्याने 'रूममेटचं भांडण होतं' असं सांगितलं तर तारीख आणि पत्ता विचारून सनीवेलच्या खात्याकडे त्या दिवसाच्या फोनच्या नोंदीसाठी अर्ज करता येईल. तेवढी उत्सुकता तोवर उरली असेल तर. माझा अंदाज, उरणार नाही.

उत्तर कसं येतं इकडेही तिने लक्ष द्यावं. अवघडून का होईना, सगळं सांगणारा मुलगा वेगळा. 'तुझ्या घरच्यांनी माझी चौकशी केली? तुम्ही लोक असेच' म्हणून तिलाच गुन्हेगार ठरवणारा वेगळा. पहिल्याच्या बाबतीत अटक झाली असली तरी मी पुढे बोलायला सांगेन. दुसऱ्याच्या बाबतीत अटक झाली नसली तरी थांबायला सांगेन.

आणि समजा खरंच तसं निघालं. आधीच्या कोणा मैत्रिणीवर हात उगारला होता, गुन्हा मान्य केला, शिक्षा झाली. मग मी गोलगोल बोलणार नाही. तुमची मुलगी तिकडे एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, जाणार, म्हणजे तिचं तिथे राहणं त्याच्या व्हिसावर अवलंबून. सुरुवातीला बहुधा तिला नोकरीही करता येणार नाही. ओळखीचं कोणी जवळ नाही. अशा ठिकाणी हात उगारण्याची सवय असलेल्या माणसाबरोबर जाणं म्हणजे काय, हे सांगणाऱ्या बायका तिथेच आहेत. 'मैत्री' नावाची संस्था १९९१ पासून बे एरियातल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी हेच काम करतेय. मुलीला वाटलं तर ती आत्ताच, लग्नाआधी, त्यांच्याशी बोलू शकते. त्यासाठी आधी मार खायची अट नाही. (मुलगा अमेरिकन नागरिक असता आणि तिला फियॉन्से व्हिसावर बोलावत असता, तर २००६ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याला हिंसाचाराच्या काही गुन्ह्यांची शिक्षा अर्जातच सांगावी लागली असती आणि ती माहिती सरकारने तिला दिली असती. एच-फोरला ही सोय नाही. म्हणून तर तिने स्वतः विचारायचं.)

पुढे काय करायचं हे मग तिने ठरवावं, तुम्ही तिच्या बाजूला बसा. तिला नाही म्हणावंसं वाटलं तर 'हॉल ठरलाय', 'लोक काय म्हणतील' ही वाक्यं घरात कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. तिला त्याचं म्हणणं पटलं, आणि तुम्हाला अजून टोचत राहिलं, तर तिकडच्या एखाद्या फौजदारी वकिलाला निकालाचा कागद दाखवून एक तासाचा सल्ला घ्या. त्या वेबसाइटच्या आणि एजन्सीच्या पैशांत तेवढं सहज होईल.

मध्यस्थांना सांगा, मुलगा-मुलगी काही बोलतायत, तारीख दिवाळीनंतर कळवतो. कारण विचारलं तर सांगू नका. जाऊबाईंनाही नाही. नाहीतर पुढच्या लग्नात 'त्याच्या घरी पोलीस आले होते' ह्याचं 'तो जेलमध्ये होता' झालेलं तुमच्याच कानावर येईल.